क्रेग मरे प्रकरण: खरं होतं, पण लेखी नको होतं

१३ मार्च २००३ रोजी ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार मायकेल वुड यांनी आपल्या सहकारी लिंडा डफिल्ड यांना एक छोटी टिप्पणी पाठवली. काही दिवसांपूर्वी झालेल्या बैठकीत उझबेकिस्तानच्या राजधानीतल्या, ताश्कंदमधल्या ब्रिटिश राजदूतांनी एक मुद्दा काढला होता. दुसऱ्या देशात कैद्याचा छळ करून मिळवलेली माहिती घेणं किंवा जवळ ठेवणं हाही संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराखाली गुन्हा आहे, अशी त्यांची समजूत होती. वुड यांनी बैठकीतच ‘मला तसं वाटत नाही’ असं सांगितलं होतं, पण करार पुन्हा वाचून बघतो असंही म्हटलं होतं. आता त्यांनी तो वाचला होता. असं कोणतंही कलम करारात नाही, असं त्यांनी कळवलं. सगळ्यात जवळचं कलम १५वं. छळातून निघालेलं विधान पुरावा म्हणून वापरता येणार नाही, एवढंच ते सांगतं. गुन्हा वगैरे काही ठरवत नाही.

टिप्पणी चोख आहे, एकही शब्द जास्तीचा नाही. ज्या राजदूतामुळे ती लिहावी लागली ते क्रेग मरे पुढच्या जवळपास दोन वर्षांत नोकरीबाहेर गेले. या काळात मरे खोटं बोलताहेत असं खात्याने एकदाही म्हटलं नाही, म्हणायची गरजच पडली नाही. ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न बाजूला पडून ‘हा माणूस या पदाला योग्य आहे का?’ हा प्रश्न पुढे कसा आला, त्यासाठी हे प्रकरण वाचायचं.

मरे १९५८चे, नॉरफोकमध्ये जन्मलेले, स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात शिकलेले. १९८४ साली परराष्ट्र सेवेत आले. लागोस, वॉर्सा, मग आक्रा असा प्रवास झाला. ऑगस्ट २००२मध्ये वयाच्या ४३व्या वर्षी त्यांना उझबेकिस्तानचं राजदूतपद मिळालं. एरवी हा सरळ चढता आलेख. माणूस मात्र चाकोरीतला नव्हता. समारंभाला किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा) घालून जाणारा, व्हिस्कीचा शौकीन, मोठ्याने बोलणारा आणि भांडायला न कचरणारा. या गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरतात, म्हणून आधीच सांगून ठेवल्या.

ताश्कंद म्हटलं की आपल्याला १९६६चा जानेवारी आठवतो: शास्त्रीजींचं निधन आणि त्या शिष्टमंडळात असलेले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. ते सोव्हिएत ताश्कंद होतं. मरे पोहोचले ते इस्लाम करिमोव यांच्या ताश्कंदला. करिमोव १९८९पासून आधी कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख आणि मग राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या राज्यात निवडणुका कशा होत, याचा एक मासला पुरे आहे. जानेवारी २०००च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या एकमेव उमेदवाराने मतदान करून बाहेर आल्यावर सांगितलं की आपण स्वतः करिमोव यांनाच मत दिलं.

११ सप्टेंबरनंतर हेच करिमोव अमेरिकेला हवेहवेसे झाले. अफगाणिस्तानची सीमा लागून होती आणि दक्षिणेतला कार्शी-खानाबाद हा हवाई तळ, म्हणजे ‘के-टू’, अमेरिकेला मिळाला होता. मार्च २००२मध्ये करिमोव व्हाइट हाउसमध्ये बुश यांना भेटून आले. त्यांच्या तुरुंगांत हजारो माणसं ‘धार्मिक अतिरेकी’ या शिक्क्याखाली होती. त्यातले किती खरोखर अतिरेकी आणि किती नुसते दाढी राखणारे, सरकारी मशिदीऐवजी दुसरीकडे नमाज पढणारे, हे विचारायची सवय आता पाश्चात्त्य राजधान्यांना उरली नव्हती.

रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत मरे एका खटल्याच्या सुनावणीला जाऊन बसले. राजदूताने असं करणं तिथे नवलाचं होतं. कोर्टात त्यांना अंदिजानचा एक म्हातारा भेटला. (बाबराचं जन्मगाव तेच अंदिजान.) त्याच्यासमोर त्याच्या दोन मुलांचा छळ करण्यात आला होता, आपल्या कुटुंबाचे बिन लादेनशी संबंध आहेत अशा जबानीवर तो सही करेपर्यंत. सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मरे यांनी पुढे लंडनला पाठवलेल्या एका तारेत, म्हणजे सरकारी गोपनीय संदेशात, हा प्रसंग लिहिला आणि म्हटलं की यांचा बिन लादेनशी जेवढा संबंध आहे, तेवढाच माझा.

त्यानंतर आली छायाचित्रं. मुझफ्फर अवाझोव हा कैदी ऑगस्ट २००२मध्ये जास्लिकच्या तुरुंगात मेला होता. जास्लिक उझबेकिस्तानच्या वायव्येला, काराकालपाकस्तानच्या ओसाड पठारावर आहे. सीलबंद पेटीतून आलेलं प्रेत पुरण्याआधी त्याचे फोटो काढले गेले होते, आणि त्याच्या आईने, फातिमा मुकादिरोवा यांनी, ते ब्रिटिश वकिलातीपर्यंत पोहोचवले. मरे यांनी ते ग्लासगो विद्यापीठाच्या शवचिकित्सा तज्ज्ञांकडे पाठवले. उत्तर आलं: मृत्यू उकळत्या द्रवात बुडवल्याने. कढत पाणी अंगावर सांडलं तर भाजल्याच्या खुणा वेड्यावाकड्या पसरतात. इथे छातीवर आणि दंडांवर एक सरळ रेषा होती. तिच्या खाली सगळं भाजलेलं, वर नाही.

१७ ऑक्टोबर २००२ रोजी ‘फ्रीडम हाउस’ या अमेरिकी संस्थेच्या ताश्कंद कार्यालयाचं उद्घाटन होतं. अमेरिकेचे राजदूत जॉन हर्ब्स्ट हजर होते आणि मरे यांचंही भाषण होतं. ते म्हणाले, उझबेकिस्तान ही चालती लोकशाही नाही आणि त्या दिशेने जातानाही दिसत नाही. प्रमुख पक्षांवर बंदी आहे. सात ते दहा हजार माणसं राजकीय किंवा धार्मिक कारणांसाठी कोंडलेली आहेत. कैद्यांना उकळत्या पाण्यात मारल्याचा उल्लेखही त्यांनी केला. भाषणाचा मसुदा लंडनमधून, बऱ्याच घासाघिशीनंतर का होईना, मंजूर होऊन आला होता. ही गोष्ट पुढच्या चर्चेत नेहमी विसरली जाते. मरे यांनी परवानगीशिवाय तोंड उघडलं, असा समज आहे. या भाषणापुरता तरी तो चूक आहे.

त्याच हिवाळ्यात संयुक्त राष्ट्रांचे छळविषयक विशेष प्रतिवेदक थेओ व्हान बोव्हेन उझबेकिस्तानात येऊन गेले. तिथला छळ हा इकडेतिकडे होणारा प्रकार नसून पद्धतशीर आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे मरे एकटे काही बोलत नव्हते. मे २००३मध्ये युरोपीय पुनर्बांधणी व विकास बँकेची वार्षिक बैठक ताश्कंदला भरली, तेव्हा ब्रिटनच्या मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी करिमोव यांच्या तोंडावर मानवी हक्कांचा विषय काढला. बँकेच्या अध्यक्षांनीही काढला. सोहळा टीव्हीवर चालू असताना करिमोव यांनी कानावरचा भाषांतराचा हेडफोन काढून ठेवला.

चारचौघांत बोलणं लंडनने सहन केलं, थोडंफार वापरलंही. बिनसलं ते तारांवरून.

उझबेक गुप्तचर यंत्रणा कैद्यांकडून मिळालेली माहिती सीआयएला देत असे आणि सीआयएकडून ती ब्रिटनच्या एमआय-६कडे येत असे. ती वाचताना मरे यांना दिसलं की त्यातले तपशील त्यांनी स्वतः पडताळलेल्या परिस्थितीशी जुळत नाहीत. पण सगळीकडे सूर एकच होता: देशातला प्रत्येक विरोधक अल्-कायदाशी जोडलेला. अमेरिकेने करिमोव यांना मदत देत राहावं, यासाठी ही माहिती सोयीची होती. नोव्हेंबर २००२पासून मरे यांनी लंडनला तारा पाठवायला सुरुवात केली. मुद्दे दोन: हे नीतीला धरून नाही, आणि हे निरुपयोगी आहे. जुलै २००४च्या तारेत त्यांनी लिहिलं की आपण आत्मा विकतोय आणि बदल्यात मिळतोय तो गाळ.

मार्च २००३च्या बैठकीसाठी त्यांना लंडनला बोलावून घेतलं गेलं आणि मग वुड यांची ती टिप्पणी आली. असल्या गोष्टी कागदावर न आणणं बरं, असं आपल्याला तिथे सुचवलं गेलं, असं मरे यांनी नंतर सांगितलं. आपल्याकडे कुठल्याही सरकारी कार्यालयात चार वर्षं काढलेल्या माणसाला यात काही नवं वाटणार नाही. ‘साहेब, तोंडी सांगा, फाइलवर नको.’ कारण एकदा फाइलवर आलं की वरच्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. मरे यांच्या तारा नेमकं तेच करत होत्या. पुढे कधी चौकशी झाली, तर मंत्र्यांपुढे कोणत्या तारखेला कोणता कागद ठेवला होता हे दिसणार होतं.

माहिती घेत राहण्याच्या बाजूने जो मुख्य युक्तिवाद झाला असं मरे यांना कळलं, तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. गुप्तचर अहवाल लंडनला पोहोचतो तेव्हा त्यातलं मूळ कैद्याचं नाव गाळलेलं असतं. नाव नाही, म्हणजे अमुक ओळ अमुक माणसाच्या छळातून आली, असं खात्रीने सांगता येत नाही. खात्री नाही, म्हणजे माहीत नाही. अंदिजानच्या म्हाताऱ्याची जबानी अशीच कुठल्या तरी अहवालात ‘एका स्रोताच्या मते’ म्हणून शिरली असती, तर लंडनमधल्या वाचणाऱ्याला त्याचे डोळे दिसणार नव्हते.

आणि वुड? त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे अरुंद प्रश्न आला, त्यांनी अरुंद उत्तर दिलं. याच कराराचं चौथं कलम छळातल्या साथीलाही गुन्हा ठरवतं. वर्षानुवर्षं ठरावीक यंत्रणेकडून ठरावीक पद्धतीचा माल घेत राहणं म्हणजे साथ होते का, हा मोठा प्रश्न होता, आणि त्या टिप्पणीत तो नाही. गंमत अशी की त्याच सुमारास याच वुड यांनी परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांना बजावलं होतं की सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाशिवाय इराकवर हल्ला बेकायदा ठरेल. तुमच्या सल्ल्याची नोंद घेतली, पण तो मान्य नाही, असं स्ट्रॉ यांनी त्यांना लेखी कळवलं. हे २०१०मध्ये इराक युद्धाबाबतच्या चिलकॉट चौकशीसमोर उघड झालं. एकाच सल्लागाराचे दोन सल्ले. सोयीचा तो अंतिम मानला गेला, अडचणीचा तो केवळ एक मत ठरला.

ऑगस्ट २००३मध्ये मरे यांना सुट्टीतून लंडनला बोलावण्यात आलं आणि त्यांच्यापुढे अठरा आरोपांची यादी ठेवण्यात आली. व्हिसाच्या बदल्यात स्त्रियांकडून शरीरसुख घेतलं, दारू पिऊन कार्यालयात येतात, वकिलातीची लँड रोव्हर पायऱ्यांवरून तळ्याकडे उतरवली, वगैरे. आठवडाभरात राजीनामा द्या, असं सुचवण्यात आलं. आरोपांबद्दल कुणाशीही बोलायला मनाई होती, म्हणजे बचावासाठी साक्षीदार शोधायचे तरी कसे, हाही प्रश्नच. मरे मानसिकदृष्ट्या कोसळले, त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. नोव्हेंबरमध्ये ते ताश्कंदला परतले, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन पुन्हा विमानाने लंडनला आणावं लागलं. ताश्कंदमधले ब्रिटिश व्यावसायिक त्यांच्या बाजूने उभे राहिले. व्यापारी मंडळी मानवी हक्कांसाठी भांडणाऱ्या राजदूतावर सहसा खूश नसतात, म्हणून याचं थोडं आश्चर्य वाटतं.

जानेवारी २००४मध्ये निकाल लागला. अठराही आरोप गळून पडले. ठपका एकाच गोष्टीचा: आरोपांबद्दल इतरांशी बोलल्याचा.

लोकसेवा परीक्षेच्या नीतिशास्त्राच्या पेपरात प्रकरण-अभ्यास येतात. त्यातला अधिकारी कायम धुतल्या तांदळासारखा असतो. घरात आजारी आई, वरून दबाव, आणि आता तुम्ही काय कराल? मरे तसे नव्हते. लग्न झालेलं असताना ताश्कंदमध्ये त्यांचं एका तरुण उझबेक स्त्रीवर प्रेम बसलं आणि संसार मोडला. हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे. रात्रीच्या क्लबांत त्यांची ऊठबस होती. यातलं काहीही त्यांच्या तारांमधल्या मजकुराला खोटं पाडत नाही. पण ज्यांना तो मजकूर नको होता, त्यांच्या हातात आयती काठी आली. आरोप टिकले नाहीत तरी चर्चा टिकली. आजही मरे यांचं नाव काढलं की समोरचा आधी बायका आणि व्हिस्कीबद्दल बोलतो, उकळत्या पाण्याबद्दल नंतर.

११ ऑक्टोबर २००४ रोजी ‘फायनान्शियल टाइम्स’ने त्यांच्या जुलैच्या तारेतला मजकूर छापला. आपण तो फोडला नाही, असं मरे म्हणाले. काही दिवसांतच त्यांना पदावरून दूर करण्यात आलं. कारण शिस्तभंगाचं नव्हतं. वरिष्ठांचा विश्वास गमावल्याने ‘कामकाजाच्या सोयीसाठी’, असं ते होतं. मरे यांनी स्वतःला ‘सदसद्विवेकाचा बळी’ म्हणवून घेतलं. फेब्रुवारी २००५मध्ये तडजोड होऊन त्यांनी परराष्ट्र सेवा सोडली.

त्यानंतरचं आयुष्य थोडक्यात. ५ मे २००५च्या निवडणुकीत ते ब्लॅकबर्नमधून थेट स्ट्रॉ यांच्याविरुद्ध उभे राहिले, जुन्या हिरव्या अग्निशमन गाडीतून प्रचार केला आणि २,०८२ मतं मिळवून पडले. आठच दिवसांनी, १३ मे रोजी, अंदिजानमध्ये सैन्याने जमावावर गोळीबार केला. सरकारी आकडा १८७ मृतांचा, इतरांच्या मते कित्येक शेकडा. अमेरिकेने चौकशीची मागणी केली, करिमोव यांनी के-टू तळ रिकामा करायला १८० दिवसांची मुदत दिली, आणि ज्या तळासाठी हे सगळं पोटात घातलं होतं तोच वर्षअखेरीआधी गेला. डिसेंबर २००५मध्ये परराष्ट्र खात्याने मरे यांच्या आगामी पुस्तकातले सरकारी कागद काढायला सांगितले, तेव्हा त्यांनी तारा आणि वुड यांची टिप्पणी सरळ इंटरनेटवर टाकली. पुढे डंडी विद्यापीठाचे रेक्टर, ब्लॉगलेखक, आणि २०२१मध्ये एका वेगळ्याच खटल्याच्या वार्तांकनातून न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल आठ महिन्यांची शिक्षा. त्यातल्या प्रत्येक भूमिकेचं समर्थन करायची माझी तयारी नाही, आणि ताश्कंदचं प्रकरण समजायला त्याची गरजही नाही.

कायद्याचं काय झालं? ८ डिसेंबर २००५ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) सात न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की छळातून आलेली माहिती ब्रिटिश न्यायालयात पुरावा होऊ शकत नाही, मग छळ कुणीही, कुठेही केलेला असो. पण हल्ला रोखायला सरकारने ती वापरू नये, असं न्यायालय म्हणालं नाही. म्हणजे त्या अरुंद प्रश्नावर वुड बरोबर ठरले. मोठ्या प्रश्नाचा हिशोब यायला आणखी तेरा वर्षं लागली. जून २०१८मध्ये संसदेच्या गुप्तचर व सुरक्षा समितीने २००१ ते २०१० या काळाचा अहवाल दिला. त्यानुसार कैद्यांना वाईट वागणूक मिळते हे ठाऊक असताना किंवा तसा संशय असताना ब्रिटिश यंत्रणांनी २३२ प्रकरणांत परकीय यंत्रणांना प्रश्न किंवा माहिती पुरवली होती आणि १९८ प्रकरणांत माहिती स्वीकारली होती. सरकारने महत्त्वाच्या अधिकाऱ्यांची साक्ष घेऊ दिली नाही म्हणून समितीने काम अर्धवट थांबवलं होतं, तरी एवढं बाहेर आलं. हे आकडे एकट्या उझबेकिस्तानचे नाहीत. पण मरे यांच्या तारांना ज्या विषयाची शंका होती, तो विषय हाच.

मरे यांनी दुसरं काय करायला हवं होतं? तुलनेला एक माणूस हाताशी आहे. वुड यांच्या टिप्पणीनंतर आठवडाभरात त्यांच्याच उपप्रमुख एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी इराक युद्ध बेकायदा आहे म्हणून राजीनामा दिला. छोटं पत्र, ना मुलाखत, ना आदळआपट. त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवायला कुणाला जागाच मिळाली नाही आणि चिलकॉट चौकशीत त्यांच्या साक्षीला वजन आलं. मरे यांनी मार्च २००३मध्ये तसं केलं असतं, तर ‘राजदूताने छळाच्या प्रश्नावर राजीनामा दिला’ ही बातमी स्वच्छ राहिली असती. पण विल्म्सहर्स्ट लंडनमध्ये फाइलीपाशी होत्या. मरे यांच्या दाराशी माणसं येत होती, आणि राजदूत गेला की ते दार बंद होणार होतं. मला वाटतं त्यांचं राहणं बरोबर होतं. चुकलं ते लंडनमध्ये एकही सोबती न जोडता राहणं. खात्यात सहानुभूती असलेले लोक नव्हते असं नाही, पण दर तार आधीच्या तारेपेक्षा कडक येत गेली आणि तिच्याखाली दुसऱ्या कुणाची सही कधीच नव्हती.

यातून ताश्कंदमधल्या कुणाला काही मिळालं का, हेही बघावं लागतं. फातिमा मुकादिरोवा यांना, म्हणजे ते फोटो बाहेर काढणाऱ्या साठी उलटलेल्या आईला, फेब्रुवारी २००४मध्ये घटनात्मक व्यवस्था उलथवण्याच्या आरोपाखाली सहा वर्षांची सक्तमजुरी झाली. बाहेर ओरड झाली. दोनच आठवड्यांत, अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड ताश्कंदला यायच्या सुमारास, शिक्षेचं दंडात रूपांतर करून तिला सोडण्यात आलं. तारांनी दोन वर्षांत जे झालं नाही ते वर्तमानपत्रांतल्या गलक्याने पंधरवड्यात झालं, तेही एका बाईपुरतं. बाकीचे हजारो आतच राहिले. जास्लिकचा तुरुंग बंद व्हायला २०१९चा ऑगस्ट उजाडला. करिमोव जाऊन तोवर तीन वर्षं होत आली होती, आणि बंद करण्याचा हुकूम त्यांच्या जागी आलेल्या मिर्झियोयेव यांनी काढला होता.